उणे वीसवाले व्याही

आमच्या व्याह्यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा खाली बसायच्या आधीच त्यांनी माझ्या स्वेटरची बाही दोन बोटांत धरली, उलटी करून बघितली आणि म्हणाले, "विणकाम उत्तम आहे. पण आत सुती बनियन असणार. मग सगळं पाण्यात!" मुलीच्या लग्नाचं बोलायला आलेला माणूस थेट माझ्या बनियनपर्यंत पोचला. मी मनात म्हटलं, चला, हा आपला माणूस. ज्याच्याशी पाच मिनिटांत बनियनवर बोलता येतं, त्याच्याशी जन्मभर पटतं. आणि पटलंही. चौदा वर्षं झाली, आम्ही अजून एकमेकांना 'अहो व्याही' म्हणतो आणि अजून त्याच बनियनवर भांडतो.

तर हे व्याही. बुटके, रुंद, मान जवळजवळ नाहीच, आणि भुवया अशा दाट की कुणी तरी थंडीसाठीच लावून दिल्यासारख्या. एकतीस वर्षं त्यांनी एका मोठ्या कोल्ड स्टोरेजमध्ये काढली. आधी खोकी उचलली, मग खोलीचे मुकादम झाले. मटार, मासे, आइस्क्रीमचे डबे, सगळा माल उणे वीसमध्ये. कामगारांनी त्यांचं नावच 'उणे वीस' पाडलं होतं. 'उणे वीस आले रे!' अशी हाक आली की माणसं घाईघाईनं कॉलर सैल करायची.

कॉलर का? तर त्यांची एक रीत होती. पाळी सुरू होताना माणसं दारापाशी ओळीनं उभी राहायची आणि हे मागून प्रत्येकाच्या कॉलरीत उलट्या हाताची बोटं घालून मान चाचपायचे. मान कोरडी, तर आत. मान ओली, तर 'बाहेर थांब, अंग पूस, कपडा बदल, मग ये.' घामेजलेला माणूस आत सोडायचा नाही म्हणजे नाही. एकदाच सोडला, तोही अंगावरचा घाम आत गार पडला की काय होतं ते दाखवायला. एक नवा गडी उशीर झाला म्हणून स्टॉपपासून धावत आला. अंगावर तीन स्वेटर, तोंड टोमॅटोसारखं. यांनी अडवलं तर म्हणतो, "साहेब, मी पेटलोय नुसता, मला कसली थंडी वाजतेय?" हे म्हणाले, "जा बाबा. मी दारातच उभा आहे घड्याळ घेऊन." सातव्या मिनिटाला गडी बाहेर. दात असे वाजत होते की शेजारच्या ऑफिसातल्या टायपिस्टबाईंना वाटलं, नवीन टायपिस्ट आली.

मी खेड्यातल्या शाळेत शिकलो. तिथं मास्तरांनी आम्हाला सांगितलं होतं की लोकर गरम असते, आणि मी साठ वर्षं ते धरून चाललो होतो. व्याही म्हणाले, "लोकर कसली गरम? गरम तुम्ही. लोकर फक्त दार लावून घेते." म्हातारपणी का होईना, माझा एक धडा दुरुस्त झाला.

आता मुख्य गोष्ट. ती आहे आमच्या सूनबाईची, म्हणजे व्याह्यांच्या लेकीची. सूनबाई शहर बस चालवते. एवढं मोठं धूड एका हातानं अरुंद गल्लीत वळवते. पण तिच्या बोटांची एक खोड आहे. गारठा लागला की बोटं खडूसारखी पांढरी पडतात, बधिर होतात. डॉक्टर म्हणाले, "आजार काही नाही, ऊब राखा." गेल्या वर्षी मुलगा, सून आणि नात स्की करायला बर्फात गेले. सूनबाई पहिल्याच दिवशी अर्ध्या तासात परत, आणि पुढचे पाच दिवस हॉटेलच्या खिडकीत. नवरा आणि पोरगी खाली घसरताहेत आणि ही काचेतून हात हलवतेय. यंदा मुलानं पुन्हा सुट्टी ठरवली तर ती म्हणाली, "तुम्ही दोघं जा. मला काचेची सवय झालीये, घरच्या काचेतूनसुद्धा बघता येतं."

हे तिनं हसत सांगितलं. पण व्याही तिथंच बसले होते आणि त्यांचा चहाचा कप हवेतच थांबला.

"कोण राहणार घरी?" ते म्हणाले.

"मी, अप्पा."

"उणे वीसची पोरगी थंडीला भिऊन घरी बसणार? ते काही नाही. तू जाणार, आणि अगदी वरच्या टोकापासून खालपर्यंत घसरत येणार. मी स्वतः येतो. कपड्यांचं माझ्याकडे."

"मग मीही येतो," मी म्हणालो. कुणी विचारलं नव्हतं. पण असा तमाशा सोडून घरी कोण बसेल? मी निघालो म्हटल्यावर आमची हीसुद्धा निघाली, कारण मला एकट्याला सोडलं की मी वाटेत कुणालाही गोष्टी सांगत बसतो आणि गाडी चुकते, असं तिचं म्हणणं. त्यात तथ्य आहे.

निघायच्या आदल्या रविवारी व्याह्यांनी आमच्या बैठकीचा ताबा घेतला. सतरंजीवर कपड्यांच्या रांगा मांडल्या. सुती बनियन, सुती मोजे, जीन्स, सगळं एका कोपऱ्यात ढकललं. "हे घाम पितं आणि धरून बसतं." अंगाला चिकटून बसणारा पातळ लोकरी थर पहिला, त्यावर जरा जाड, त्यावर रजईसारखा टाके घातलेला कोट, त्यांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये असायचा तसा. मुलानं बायकोसाठी एक वेगळंच जाकीट हौसेनं आणलं होतं. पातळ, निळं, सळसळणारं.

व्याह्यांनी ते उचलून उजेडात धरलं. "जावईबापू, हे काय आहे?"

"वाऱ्यासाठी आहे, अप्पा."

"ह्यात ऊब कुठाय? पापडासारखं तर आहे! बूट गुंडाळायला छान." आणि खरंच त्यांनी त्यात बूट गुंडाळून बॅगेच्या तळाशी टाकले. मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडे बघायला लागलो. मुलगा माझा असला तरी व्याही त्याचे सासरे होते.

मग आमची ही पुढे आली. हिनं सूनबाईसाठी महिनाभर बसून मोज्यांच्या दोन जोड्या विणल्या होत्या. गुडघ्यापर्यंत उंच, जाडजूड, राखाडी. "एकावर एक घाल," ही म्हणाली, "म्हणजे पाय कसे भट्टीत ठेवल्यासारखे राहतील."

"विहीणबाई," व्याही आवाज मऊ करून म्हणाले, "बूट मापाचा असतो. दोन मोजे कोंबले की पाय आवळतो. मग रक्तानं बोटांपर्यंत जायचं कुठून?"

"म्हणजे मी विणलेलं घालायचं नाही."

"एक जोडी घालायची. अवश्य घालायची."

"आणि दुसरी?"

एकतीस वर्षं उणे वीसमध्ये काढलेला माणूस, पण हिच्या त्या 'आणि दुसरी?'पुढे त्यांचाही पारा उतरलेला मी पाहिला. सूनबाईनंच सोडवलं. "दुसरी बरोबर घेते, आई. पहिली ओली झाली तर?" मोजे बॅगेत गेले, विषय मिटला. निदान आम्हाला तसं वाटलं.

मग परीक्षा. सगळा सरंजाम चढवून व्याह्यांनी सूनबाईला इमारतीचे चार मजले दोनदा चढायला लावलं आणि वर पोचल्यावर तिची मान चाचपली. "ओली. मधला थर काढ. पुन्हा." तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडून विचारलं, "लिफ्ट बंद आहे का हो?" मी म्हणालो, "नाही, आम्ही थंडी पकडायला निघालोय." त्यांनी दार लावून घेतलं.

"निघताना जराशी थंडी वाजली पाहिजे," व्याही सांगत होते. "सुरुवातीलाच बरं वाटलं, की समज, जास्त कपडे झाले."

डोंगरावर पोचलो. बर्फ असं की डोळे मिटूनही दिसावं. पहिले चार दिवस सूनबाई खालच्या छोट्या उतारावर शिकत होती. झाडांचा आडोसा, पारा उणे दहा. दर अर्ध्या तासानं व्याही कुंपणापाशी जायचे, ती पाठ करून उभी राहायची, हे मानेत बोटं घालायचे आणि ओरडायचे, "कोरडी! जा!" दुसऱ्या दिवशी शिकवणारा मास्तरही गमतीनं पाठ करून उभा राहिला. व्याह्यांनी त्याचीही मान पाहिली आणि त्याला कपडा बदलायला पाठवलं.

बोटं चारही दिवस गुलाबी राहिली. सूनबाई तोंड बर्फात घालून पडायची, उठायची, हसायची. चौथ्या दिवशी मास्तर म्हणाला, आता वरच्या टोकावरून यायला हरकत नाही. चार किलोमीटर लांब, सोपी वाट. व्याह्यांची छाती अशी फुगली की त्यांच्या स्वतःच्या रजईच्या कोटाचं एक बटण उडालं. बटण आधीचंच सैल होतं, असं ते अजून म्हणतात.

स्की भाड्यानं देणाऱ्या दुकानात एक बाई होत्या. पन्नाशीच्या, उन्हाबर्फानं रापलेल्या, बुटांचे चाप हातोडीनं ठोकून सरळ करणाऱ्या. पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी सूनबाईचा तो कोट पाहिला आणि म्हणाल्या, "आजोबा, वर वारा असतो हं."

"बाई," व्याही म्हणाले, "उणे वीसमध्ये एकतीस वर्षं काढलीत."

"असेल. वर आज उणे अठराच आहे. पण वारा आहे."

"दोन अंशांनी गरमच झालं की मग!" असं म्हणून हे निघाले.

वर जायला खुर्च्यांचा पाळणा होता. तारेला टांगलेल्या खुर्च्या, पाय लोंबते, अकरा मिनिटांचा प्रवास. पायी माणसांनाही बसू देतात म्हणून व्याही लेकीशेजारी ऐटीत बसले. आम्ही खालून हात हलवला. बावीस मिनिटांनी तीच खुर्ची दोघांना घेऊन खाली आली. सूनबाईच्या पायांत स्की तशाच. व्याह्यांच्या भुवयांवर बर्फाचे दाणे आणि ओठ निळे. सूनबाईनं लोकरी हातमोजे काढले. दहाही बोटं पांढरी.

शेगडीजवळ बसून तासाभरानं बोटांत रंग आला. पण तिचा चेहरा पुन्हा गेल्या वर्षीचा झाला होता. "जाऊ दे, अप्पा," ती म्हणाली. "चार दिवस खेळले ना मी? तेवढं बस झालं. उद्या तुम्ही सगळे जा, मी खिडकीतून बघते."

उद्याचा एकच दिवस उरला होता. आणि ही एकदा खिडकीत बसली की पुन्हा कधी बर्फावर पाऊल ठेवणार नाही, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. व्याह्यांना सगळ्यांत जास्त.

दुपारी मला म्हणाले, "व्याही, जरा चला माझ्याबरोबर." आम्ही स्कीच्या दुकानात गेलो. बाई ओले बूट वाळवायच्या खोलीत होत्या. व्याह्यांनी टोपी काढली. "बाई, माझं चुकलं. काय चुकलं ते सांगा."

बाई कसल्या गोड! 'मी सांगितलं होतं' वगैरे काही नाही. बूट वाळवायचा एक दांडगा पंखा होता. त्यांनी यांना त्याच्यासमोर उभं केलं आणि बटण दाबलं. "कुठे लागतंय?"

"छातीत. टाक्याटाक्यातून आत येतंय. आणि मनगटाला."

"थांबा." बाईंनी एक पातळ सळसळतं जाकीट त्यांच्या कोटावर चढवलं. "आता?"

व्याही पंख्यासमोर उभे राहिले. इकडे वळले, तिकडे वळले. मग एकदम कपाळावर हात मारून घेतला. "अहो व्याही! दार उघडलं की आमचे पंखे आपोआप बंद व्हायचे! खोलीला गार हवा सोडणारे पंखे. माणूस आत असताना ते चालवायचे नाहीत, हा पहिला नियम. मीच सगळ्यांना शिकवायचो. एकतीस वर्षं मी पंखे बंद करून आत गेलो. इथला पंखा कोण बंद करणार?"

मी हसलो, बाई हसल्या, आणि सगळ्यांत मोठ्यानं ते स्वतः हसले. चूक सापडली की त्यांना हरवलेली किल्ली सापडल्यासारखा आनंद होतो. मला त्यांचा हा गुण फार आवडतो. मी चुकलो की दोन दिवस कुणाशी बोलत नाही.

बाईंनी पुढचंही सांगितलं. लोकरी हातमोज्यांतून वारा आरपार जातो, तर वरून चामड्याचे, आणि पाच बोटांचे नकोत, पिशवीसारखे हवेत. बोटं एकमेकांना चिकटून राहिली की एकमेकांची ऊब घेतात. खुर्चीत बसल्यावर हात जोरात गोल फिरवायचे, म्हणजे रक्त बोटांपर्यंत जातं. "आणि मनगट?" व्याह्यांनी विचारलं. "तिथून वारा शिरतो, त्याचं काय?"

"तिथे काहीतरी उबदार नळीसारखं हवं. कोपरापासून तळव्यापर्यंत. माझ्याकडचे संपलेत."

परत येताना व्याही एकदम थांबले. "नळीसारखं. लोकरी. लांब." मीही थांबलो. दोघांच्याही डोळ्यांपुढे एकच वस्तू आली होती.

"तुम्ही विचारा," ते म्हणाले.

"मी? छे! विहीण तुमची."

"बायको तुमची."

शेवटी त्यांनीच विचारलं. हॉटेलच्या खोलीत ही नातीची वेणी घालत होती. व्याही समोर येऊन पुन्हा टोपी काढून उभे. "विहीणबाई, ती दुसरी जोडी हवीय."

"कशाला? मोजे आवळतात ना?"

"पायात नाही. हातात. फक्त... पाऊल कापावं लागेल."

खोलीत कोल्ड स्टोरेज झालं. महिनाभराचं विणकाम, आणि त्याला कात्री! मी दाराच्या बाजूला सरकलो. हिनं व्याह्यांकडे पाहिलं, मग पलंगावर बसलेल्या सूनबाईच्या हातांकडे पाहिलं. वेणी सोडली, उठली, बॅगेतून राखाडी जोडी काढली आणि कात्री स्वतःच घेतली. "तुम्ही कापाल तर टाके उसवतील," ही म्हणाली. पावलं उडवली, कडा दुमडून शिवल्या, अंगठ्याला भोक ठेवलं. "घाल गं पोरी. बघ, घट्ट नाही ना? नाहीतर रक्ताला वाट मिळायची नाही." शेवटचं वाक्य व्याह्यांकडे बघून.

"आई, मला पुन्हा जायचं का तेच मी अजून ठरवलं नाहीये," सूनबाई हळूच म्हणाली.

"मी कापलेत आता. आता ठरवायचं काय त्यात?"

व्याह्यांनी बॅगेच्या तळाशी हात घातला, बूट बाहेर काढले आणि ते निळं पापड-जाकीट झटकून, चिखल पुसून जावयाच्या हातात दिलं. "जावईबापू, हे तुम्हीच घाला तिला. मला हे कपडे कळत नाहीत." बास, एवढंच. पण मुलगा त्या दिवशी अर्धा इंच उंच दिसत होता.

सहाव्या दिवशीही वर उणे अठरा, आणि वारा कालच्याहून खट्याळ. पातळ थर, मधला थर, मनगटाला राखाडी मोजे, त्यावर निळं जाकीट, पिशवीसारखे हातमोजे. रजईचा कोट जाकिटाखाली मावेना, तो राहिला खुंटीवर. "थंडी वाजतेय का?" व्याह्यांनी विचारलं. "जराशी," ती म्हणाली. "छान!" मानेत बोटं घातली. "कोरडी. जा!" या वेळी ते खुर्चीत बसले नाहीत. नवरा आणि लेक तिच्या दोन्ही बाजूंना बसले, आणि खुर्ची वर निघाली तेव्हा तिघांचे सहा हात पवनचक्कीसारखे गोल फिरत होते.

आम्ही तिघं खाली कुंपणापाशी उभे. वाट शेवटी एका वळणाआडून येते, त्यामुळे वरचं काही दिसत नाही. व्याही एका जागी खिळलेले. मी त्यांना तीन गोष्टी सांगितल्या, त्यातल्या दोन फार चांगल्या होत्या, पण त्यांनी एकही ऐकली नाही. पंचवीस मिनिटं झाली. ही म्हणाली, "खुर्चीतून परत आली असती तर एव्हाना आली असती." रिकाम्या खुर्च्या एकेक करून खाली येत होत्या, आणि व्याही प्रत्येक खुर्ची मोजल्यासारखी बघत होते.

चाळिसाव्या मिनिटाला वळणाआडून आधी नात आली, बाणासारखी. मग मुलगा. आणि मग, रुंद रुंद वळणं घेत, गल्लीतून बस काढावी तशी बेतानं, निळं जाकीट.

सूनबाई थेट कुंपणापर्यंत आली आणि थांबता न आल्यामुळे कुंपणालाच मिठी मारून थांबली. "अप्पा! एकदाच पडले! तेसुद्धा तुमच्या नातीनं हसवलं म्हणून!"

"बोटं," व्याही म्हणाले.

तिनं हातमोजे काढले. दहाही बोटं गाजरासारखी लालबुंद. तिनं ती त्यांच्या गालांवर ठेवली. "बघा. गरम आहेत."

व्याही नुसतेच मान हलवत राहिले. तिला काय वाटलं कोण जाणे, ती त्यांच्या मागे गेली, त्यांची कॉलर सैल केली आणि उलट्या हाताची बोटं आत घातली.

"अप्पा!" ती ओरडली. "चिंब ओली!"

उणे अठरामध्ये, चाळीस मिनिटं जागचं न हलता उभं राहून, आमच्या व्याह्यांना घाम फुटला होता.

"बाहेर थांबा," त्यांची लेक म्हणाली, "अंग पुसा, कपडा बदला, मग या. मी तोवर अजून एकदा वर जाऊन येते."

आणि ती निघालीसुद्धा, दोन्ही हात गोल फिरवत.